सिंहस्थानंतर बघू

संगणक सुरू करताच ‘हा संगणक विंडोज ११साठीचे निकष पूर्ण करत नाही’ अशा अर्थाची सूचना आपल्या पडद्यावर झळकू लागली असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला आणि अजून कुरकुर न करता चालणारा संगणक, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची थांबवलेली मोफत सुरक्षा अद्यतने आणि शेजारच्या कोणीतरी सहज उच्चारलेला ‘लिनक्स’ (म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली) हा शब्द, एवढी सामग्री एकदा जमली की पुढच्या दोन-तीन वर्षांच्या रविवारांची सोय झाली. ही सामग्री घाईने निर्णय घेऊन वाया घालवणारे लोक मी पाहिले आहेत. आपण त्यांच्यापैकी होऊ नये, यासाठी हे चार अनुभवाचे शब्द.

आपण नाशिकचे असाल तर अर्धे काम झालेलेच आहे. विंडोज १० बाजारात आली ती २९ जुलै २०१५ रोजी. त्याच्या पंधराच दिवस आधी, १४ जुलैला, आपल्याकडे सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण झाले होते. ज्यांना जुनी विंडोज सोडवत नाही अशा घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते आणि नव्या सिंहस्थाचा ध्वज ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी चढतो. म्हणजे या कार्यप्रणालीने एक सिंहस्थ पाहिला आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत ती आली. ज्या गावात रस्ता, नळ, गटार आणि पूल ही सर्व कामे ‘सिंहस्थाआधी’ निघतात आणि ‘सिंहस्थानंतर’ बघितली जातात, तेथे एका संगणकाने वेगळ्या वागणुकीची अपेक्षा का धरावी?

पहिले पथ्य असे की, चर्चा चालू असताना संगणकाला हात लावू नये. हे फार महत्त्वाचे आहे, कारण लिनक्समध्ये एक मोठी खोड आहे: ती बसवल्यावाचून वापरून पाहता येते. लिनक्स मिंटसारखी प्रणाली आठ जीबीच्या साध्या पेनड्राइव्हवर मावते, पेनड्राइव्हवरूनच सुरू होते, हार्ड डिस्कमधल्या एकाही फाइलला धक्का न लावता चालते, आणि पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की आपली जुनी विंडोज जशीच्या तशी समोर येते. आवडली आणि बसवायची ठरवली, तरी बहुधा तासाभरात काम आटोपते. आता आपणच सांगा, ज्या प्रश्नाचे उत्तर एका दुपारी आणि फुकट मिळते, त्यावर दोन वर्षे बोलणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील? तेव्हा पेनड्राइव्ह विकत घ्यावा, चारचौघांत खिशातून काढून दाखवावा आणि पुन्हा खिशात ठेवावा.

त्याचप्रमाणे विंडोज ११चे निकषही नीट वाचू नयेत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी आपला संगणक बहुधा पूर्ण करतो. अडते ते प्रोसेसरपाशी, कारण इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्या यादीबाहेर आहेत, किंवा टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा सुविधेपाशी. यातली दुसरी अडचण अनेकदा अडचण नसतेच: सुविधा संगणकात असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. आपण कुतूहलापोटी बायोसमध्ये शिरलात आणि ती चालू केलीत, तर नवी विंडोज निमूटपणे बसण्याचा आणि चर्चा जागच्या जागी बसण्याचा धोका आहे. टीपीएमचा उच्चार मात्र वारंवार करावा. त्याचा अर्थ कोणी विचारत नाही.

चर्चेसाठी स्थळ म्हणून रविवार सकाळची मिसळ उत्तम, कारण तर्री पुन्हा मागवता येते आणि मुद्देही. माणसे किमान चार हवीत. त्यांपैकी दोघे लिनक्सचे असावेत, मात्र एकाच लिनक्सचे नसावेत. हा भेद नाशिककरांना समजावून सांगण्याची गरज नाही. शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात आणि वैष्णव आखाडे रामकुंडावर, हे येथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तसेच लिनक्सच्या पंथांचे: डेबियन १९९३चे, उबुंटू ऑक्टोबर २००४मध्ये डेबियनवरून निघालेले, मिंट २००६मध्ये उबुंटूवरून निघालेले. शिवाय पडद्यावरची मांडणी १९९६च्या केडीईची असावी की त्यानंतर वर्षभराने सुरू झालेल्या नोमची, हा उपवाद निराळाच. आमच्या मंडळातल्या लिनक्सच्या दोघांनी एकदा ‘लिनक्स’ म्हणावे की ‘ग्नू-लिनक्स’ यावर पावाच्या दोन जादा जोड्या संपवल्या होत्या. मध्येच एखाद्या भाबड्याने असे म्हटले की, या सगळ्यांच्या पोटात गाभा एकच आहे, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी ‘केवळ छंद म्हणून’ जाहीर केलेला, आणि पाणी दोन्हीकडे गोदेचेच असते, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करून दही मागवावे.

तिसरा इसम एम.जी. रोडच्या एखाद्या जिन्याखाली बसणारा दुरुस्तीवाला असावा. त्याची उत्तरे अशी असतात:

“काका, लिनक्स-बिनक्सच्या नादी लागू नका. मशिन आणून टाका, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो.”

“पण निकषात बसत नाही म्हणतात ना?”

“बसवतो ना मी.”

“आणि लायसन्स?”

“ते होऊन जातं, काका.”

‘होऊन जातं’ या दोन शब्दांत केवढे न्यायशास्त्र भरले आहे, यावर एक स्वतंत्र रविवार खर्ची घालता येईल.

चौथा टॅलीवाला, म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा. हा शालिमारकडचा कर सल्लागार असतो, कमी बोलतो आणि त्याला शक्यतो बोलू देऊ नये, कारण त्याचे म्हणणे खरे असते. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, डिजिटल सहीच्या टोकनची गाडी लिनक्सवर ठिकठिकाणी अडते, आणि ज्याचे पोट या दोन गोष्टींवर चालते त्याने कार्यप्रणाली बदलण्याच्या भानगडीत पडू नये. एवढ्या एका वाक्यात त्याचा प्रश्न सुटतो आणि तो पुढे मिसळ खातो. आपण त्याच्याकडून निष्कर्ष घेऊ नये, सबब तेवढी उसनी घ्यावी. माझ्या घरात टॅली कधीही नव्हती, डिजिटल सही कशी दिसते हे मी पाहिलेले नाही; तरीही ‘टॅलीचे काय?’ हा माझा प्रश्न वर्षभर अनुत्तरित राहिला, ही गोष्ट मी थोड्याशा अभिमानाने नमूद करतो. प्रतिपक्षाकडून मग महासंगणकांचा दाखला येतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर चालतो, हे खरेच आहे. सोसायटीच्या देखभाल वर्गणीच्या पावत्या छापताना हा मुद्दा किती निर्णायक ठरतो, हे आपल्याला लगेच जाणवेल. या सर्व वेळात ‘लिनक्स आपल्या डोक्याबाहेरचे’ असे म्हणणारे गृहस्थ हातातल्या अँड्रॉइड फोनवर बोटे फिरवत असतात. त्या फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे, हे त्यांना सांगू नये. मिसळ गरम असताना माणसाला धक्का देणे बरे नाही.

याखेरीज, मराठी माणसाच्या भात्यात एक ब्रह्मास्त्र आहे: ‘मराठी टायपिंगचे काय?’ हा प्रश्न विचारताना हात छातीवर ठेवावा आणि आवाज किंचित कापरा ठेवावा. याचे उत्तर कोणी दिलेच तर ते कानाआड करावे, कारण ते निराशाजनकरीत्या सोपे आहे. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक क्रमवारीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक १९९१पासून आहेत आणि इनस्क्रिप्ट हा कळफलक विंडोजमध्येही आहे व लिनक्समध्येही. के या कळीवर क, जे या कळीवर र, डी या कळीवर पायमोड; डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ज्याची बोटे हे शिकली त्याला खाली कोणती कार्यप्रणाली आहे याचा पत्ताही लागत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर बोलतो. आपण वीस वर्षे ज्या फॉन्टांमध्ये मराठी लिहिले, त्यांतले बरेचसे मराठी नव्हतेच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली होती. फॉन्ट असेपर्यंत ‘सभासद’ दिसायचे, फॉन्ट गेला की डॉलरचे चिन्ह, दोन कंस आणि एक उद्गारचिन्ह. आमच्या सोसायटीच्या पहिल्या नऊ वर्षांची इतिवृत्ते याच अवस्थेत आहेत. कोणाचा पार्किंगचा हक्क मान्य झाला आणि कोणाच्या गळतीचा ठराव फेटाळला गेला, हे आज केवळ ते डॉलर आणि ते कंस जाणतात. ही इतिवृत्ते विंडोजवर राहूनही बदलून घ्यावीच लागतील, कारण तो फॉन्ट ज्या सीडीवर होता ती सीडी २०१५च्या सिंहस्थाआधीच हरवली. फाइल रूपांतरित करणारी साधने मोफत मिळतात, चार संध्याकाळी बसले तर काम होईल. परंतु हे काम आहे, चर्चा नव्हे; त्यामुळे त्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो, म्हणजे आपण सावध राहाल. दिवाळीच्या सुटीत माझी भाची आली होती. ती अभियांत्रिकीला आहे. मी तिच्यासमोर नेहमीप्रमाणे विषय काढला आणि सवयीने खिशातला पेनड्राइव्ह दाखवला. तिने तो घेतला. पुढच्या वीस मिनिटांत ती त्यावर मिंट भरून मोकळी झाली होती आणि माझ्या टेबलावर, संगणकावरच्या माझ्या विणलेल्या झाकणाच्या शेजारी, एक अनोळखी आणि अतिशय शांत डेस्कटॉप उघडलेला होता. मी डगमगलो नाही, कारण माझ्याकडे प्रिंटर होता. प्रिंटर चालणार नाही, या एका खांबावर मी चौदा महिने उभा होतो.

“प्रिंटर लाव पाहू,” मी म्हणालो.

तिने वायर लावली. ड्रायव्हरची सीडी तिने मागितली नाही, त्यामुळे मी निश्चिंत होतो. प्रिंटरने विंडोजवर काढतो तोच कण्हण्याचा आवाज काढला, कागद तिरपा ओढला, तो सरळ केला आणि बाहेर सोडला: ‘शनिवारी पाण्याची टाकी धुण्यात येणार असल्याने सर्व सभासदांनी आवश्यक तेवढे पाणी भरून ठेवावे.’ सर्व जोडाक्षरे शाबूत. ‘आवश्यक’मधला श्य तर इतका सुबक की मी तो चष्मा काढून जवळून पाहिला.

“स्कॅनर?” मी क्षीण आवाजात विचारले.

स्कॅनर चालला नाही. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी भाचीपासून लपवू शकलो नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून ती म्हणाली, “मामा, याचा ड्रायव्हर शोधावा लागेल. मिळेल बहुतेक. पण तुम्ही शेवटचं स्कॅन कधी केलं होतं?”

मी हिशेब केला. पॅन कार्डाचे, टाळेबंदीच्या आधी. त्यानंतर सर्व कागदांचे फोटो मी फोननेच काढत आलो आहे. परंतु प्रश्न तत्त्वाचा होता आणि तो मी तिला तत्त्व म्हणूनच समजावून सांगितला. तिने फराळाची ताटली उचलली आणि ती आत गेली.

तिच्याच सांगण्यावरून मी आणखी एक अविचार केला, महिनाभर संगणकावर काय काय केले याची वहीत नोंद ठेवली. वीजबिल दोनदा (दुसऱ्यांदा केवळ पहिल्यांदा भरले का हे पाहण्यासाठी), सोसायटीच्या तीन सूचना, शेजाऱ्यांसाठी मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक, सौभाग्यवतींसाठी कीर्तने, आणि पत्ते. यांत विंडोजवाचून अडेल असे काहीही नाही, आणि लिनक्सवाचून अडेल असेही काही नाही. ती वही मी मंडळात नेलेली नाही.

पुढचे वेळापत्रक आम्ही आखून ठेवले आहे. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत घाई करण्याचे कारण नाही. त्यानंतर अठरा दिवसांत ध्वज चढेल, मग गर्दी, मग २ ऑगस्ट २०२७चे पहिले अमृतस्नान, मग पाहुणे, आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ला. मध्यंतरी अद्यतने नसलेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, असे भाचीने दोनदा बजावले आहे. ते आम्ही फोनवरून करतो. तिने मिंट भरलेला पेनड्राइव्ह मी जपून कपाटात ठेवला होता, पण मागच्या आठवड्यात सौभाग्यवतींना तो सापडला आणि त्यांनी तो पुसून त्यावर पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ भरला. आता नवा घ्यावा लागेल. तो सोळा जीबीचा घ्यावा की बत्तीस, याबद्दल मंडळात दोन मते आहेत.