जर्सीवरचे शब्द आणि परवानगीचा शिक्का

डिसेंबर २०२३ मध्ये पर्थ कसोटीच्या सरावाला ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर उस्मान ख्वाजा जे बूट घालून उतरला, त्यांवर 'सर्व जीव समान आहेत' आणि 'स्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे' अशी दोन वाक्ये लिहिलेली होती. गाझातील युद्धाची पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक होती, तरी त्या वाक्यांत ना कोणत्या देशाचे नाव होते, ना कोणत्या पक्षाचे. आयसीसीच्या नियमामुळे सामन्यात त्याला ती अक्षरे चिकटपट्टीने झाकावी लागली, आणि दंडावर काळी फीत बांधून खेळल्याबद्दल ठपकाही बसला. त्यानंतर कबुतर आणि ऑलिव्हची फांदी एवढेच चिन्ह लावण्याची त्याची विनंतीही नाकारण्यात आली. संघसहकारी मार्नस लाबुशेनच्या बॅटवरील बायबलमधील वचनाशी निगडित गरुड आणि दक्षिण आफ्रिकेच्या केशव महाराजच्या बॅटवरील ॐ कसे चालतात, हा त्याचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

मैदानावरील पोशाखावर संदेश नकोत, हा नियम मला मुळात चुकीचा वाटत नाही. संघाची जर्सी एकट्याची नसते. ती घालणाऱ्या अकरा जणांची मते अकरा असू शकतात, आणि एका घोषणेला जागा दिली की तिच्या विरोधातील घोषणेला नकार देण्याचा नैतिक अधिकार संघटनेकडे उरत नाही. माझा आक्षेप नियमाला नसून त्याच्या वापराला आहे.

मार्च २०१९ मध्ये रांचीच्या एकदिवसीय सामन्यात भारतीय संघ लष्करी टोप्या घालून खेळला; हुतात्मा जवानांचे स्मरण आणि निधिसंकलन या कारणांसाठी आयसीसीने तशी परवानगी दिली होती. तीनच महिन्यांनी विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या यष्टिरक्षणाच्या ग्लोव्ह्जवरील भारतीय पॅरा विशेष दलाचे 'बलिदान' चिन्ह याच आयसीसीने नाकारले. त्याआधी २०१४ मध्ये मोईन अलीचे गाझासंबंधीचे मनगटी पट्टे मानवतावादी आहेत, असे इंग्लंडचे क्रिकेट मंडळ सांगत असतानाही सामनाधिकाऱ्यांनी त्यांवर बंदी घातली. या निर्णयांपैकी प्रत्येकाचे समर्थन स्वतंत्रपणे करता येईल. परंतु ते एकापुढे एक ठेवले, तर त्यांतून सूत्र असे काही हाती लागत नाही.

फुटबॉलमधील गुंता तर अधिकच बोलका आहे. राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा पोशाखावर असू नयेत, असे खेळाचा चौथा नियम स्पष्ट सांगतो. २०२२ च्या कतार विश्वचषकात युरोपातील सात संघांच्या कर्णधारांना समलिंगी व्यक्तींना सामावून घेण्याचा संदेश देणारी 'वन लव्ह' ही रंगीत हृदयाची दंडपट्टी बांधायची होती, पण पिवळ्या कार्डाच्या इशाऱ्यामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मात्र याच भावनेची इंद्रधनुषी पट्टी दरवर्षीच्या मोहिमेत कर्णधारांच्या हाती दिली जात असे. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस क्रिस्टल पॅलेस क्लबचा कर्णधार मार्क गेही याने त्या पट्टीवर येशूवरील प्रेमाचे शब्द लिहिले, तेव्हा त्याला नियमाची आठवण करून देण्यात आली, आणि इप्सविच क्लबचा कर्णधार सॅम मोर्सी याने धर्मश्रद्धेचे कारण देऊन ती पट्टी बांधलीच नाही. समलिंगी खेळाडूंना मैदानावर सुरक्षित वाटावे, या हेतूला माझा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु एकच संदेश एका स्पर्धेत आयोजकांनी वाटला आणि दुसऱ्या स्पर्धेत त्याच संदेशासाठी कार्ड दाखवण्याची धमकी मिळाली, यावरून नियम तटस्थतेचा नसून परवानगीचा आहे, हे उघड होते.

प्रायोजकांच्या बाबतीत तर तटस्थतेचे नावही कोणी काढत नाही. (बेटिंग कंपनीचे नाव छातीवर मिरवणे हे मूल्यविधान नव्हे, असे मानायचे असेल तर प्रश्नच मिटला.) हाशिम अमलाने दक्षिण आफ्रिकेच्या जर्सीवर बिअर कंपनीचे चिन्ह लावण्यास नकार दिला आणि मंडळाने तो मान्य केला, ही समज मला महत्त्वाची वाटते. बोलण्याची मुभा संघटनेने नाकारली, तर ते एक वेळ समजून घेता येते. दुसऱ्याचे बोलणे अंगावर वागवण्याची सक्ती मात्र कोणावरच होऊ नये.

ख्वाजाच्या बाबतीत शेवटी झाले ते असे, की मेलबर्नच्या पुढच्या कसोटीत तो आपल्या दोन मुलींची नावे लिहिलेले बूट घालून फलंदाजीला उतरला.