येना पुलावरचा पहारेकरी

पॅरिसला गेलेली आपली मंडळी आयफेल टॉवरसमोरच्या पुलावर हमखास फोटो काढतात. त्या पुलाचं नाव येना. १८०६ मध्ये येनाच्या लढाईत नेपोलियननं प्रशिया या जर्मन राज्याची दाणादाण उडवली, त्याची ही आठवण. वॉटर्लूला नेपोलियन कायमचा हरल्यावर, जुलै १८१५ मध्ये, प्रशियाचा सेनापती ब्लूखर पॅरिसात शिरला आणि हा पूल सुरुंगानं उडवायला निघाला. इंग्रज सेनापती वेलिंग्टननं विरोध केला आणि पुलावर आपला एक इंग्रज शिपाई पहाऱ्याला उभा केला. पूल वाचला.

सध्या जगात युद्धं थांबवायच्या बैठकांच्या बातम्या रोज येतात, आणि मला तो शिपाई आठवत राहतो.

फ्रान्सनं १७९२ पासून युरोपला बावीस वर्षं युद्धात लोटलं होतं. तरी एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियन पायउतार झाल्यावर जेत्यांनी फ्रान्सकडून खंडणी घेतली नाही. सरहद्द साधारण १७९२ची ठेवली. युरोपची नवी घडी बसवणाऱ्या व्हिएन्नाच्या परिषदेत तर हरलेल्या फ्रान्सचा तालेराँ जाऊन बसला आणि ३ जानेवारी १८१५ला त्यानं ऑस्ट्रिया आणि इंग्लंडशी गुप्त तहही केला, तोही रशिया-प्रशियाविरुद्ध! हा माणूस आधी बिशप, मग क्रांतीवाला, मग नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री, आणि आता फ्रान्सच्या गादीवर परतलेल्या बूर्बाँ घराण्याच्या राजाचा, अठराव्या लुईचा, वकील. त्याच्या निष्ठेबद्दल मला आदर नाही, पण पराभूत देशासाठी त्यानं जे मिळवलं त्याबद्दल आहे.

मार्चमध्ये नेपोलियन एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून परतला, अठरावा लुई गेंटला पळाला, सगळं मुसळ केरात. वॉटर्लूनंतरच्या अटी साहजिकच कडक होत्या: ७० कोटी फ्रँक दंड आणि दीड लाख परकी सैन्य, जास्तीत जास्त पाच वर्षं. पण फ्रान्स दंड फेडतोय हे दिसल्यावर तिसऱ्याच वर्षी सैन्य काढून घेतलं आणि फ्रान्सला बड्या सत्तांच्या पंगतीत पुन्हा पाट मिळाला.

आता १८७१ बघा. या वेळी प्रशियानं फ्रान्सला हरवलं होतं. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कनं जर्मन साम्राज्याची घोषणा कुठे करवली? व्हर्सायच्या आरसेमहालात, फ्रेंच राजांच्या घरात. वर फ्रान्सच्या पूर्वेकडचा जवळजवळ सगळा अल्सास आणि लोरेनचा काही भाग तोडून नेला. पॅरिसच्या काँकॉर्द चौकात अल्सासमधल्या स्ट्रासबुर्ग शहराचा एक पुतळा आहे. त्याला काळं कापड गुंडाळून लोक जवळजवळ अर्धं शतक हार वाहत राहिले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, त्याच आरसेमहालात जर्मनांना बोलावलं ते फक्त सही करायला. पुढची वीस वर्षं आपल्याला माहीत आहेत.

व्हिएन्नाला मी डोक्यावर घेत नाही. पोलंडचे लचके तोडताना पोलिश माणसाला कुणी विचारलं नाही. आणि वेलिंग्टन म्हणजे आपल्या असईच्या लढाईतला आर्थर वेलस्लीच की! डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव आणि सुर्जी अंजनगावचे तह त्यानंच केले. भोसल्यांकडून कटक आणि वर्धेपलीकडचा वऱ्हाड गेला. शिंद्यांकडून दुआब आणि नगरचा किल्ला. शिवाय फ्रेंच माणूस चाकरीत ठेवायचा नाही, अशी अट. फ्रान्सच्या पुलाला जपणाऱ्या या माणसाला इथे तसा हात आखडता घ्यावासा वाटला नाही, हे मला आजही सलतं.

जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेलिंग्टनच्या हाताखालचं सैन्य फ्रान्स सोडून माघारी गेलं.