वन बीएचकेतली आढी

हापूसची पाच डझनांची पेटी घरात आली की चवीच्या आधी जागेचा प्रश्न पडतो. आंबे पिकवायची आढी घालायची कुठे? कोकणात माळा असतो, भाताचा पेंढा असतो आणि रोज सकाळी आढीत हात घालून बघणारी एक आजी असते. आमच्याकडे फक्त आंबे असतात. पेंढा पेटीतून निघेल तेवढाच. त्यातला निम्मा तो जमिनीवर गोल गोल फिरणारा यांत्रिक झाडू गिळतो आणि सोफ्याखाली आचके देत पडतो.

मग उरतो बेडखालचा खण. अंधार आहे, ऊब आहे, वारा तेवढा नाही. पिकणारा आंबा श्वास घेतो, तापतो. प्लायवुडमध्ये पाच डझन कोंडले की आढीची भट्टी होते आणि फळं देठाकडून काळी पडू लागतात. फट ठेवली तर अंगाखालून रात्रभर असा घमघमाट सुटतो की झोपेत उशी चोखली जाते.

खरं तर रीत साधी आहे. आंबा चौदा आण्यांचा घ्यायचा, म्हणजे खांदे देठाच्या वर आलेला. खाली चार बोटं पेंढा, नसेल तर वर्तमानपत्र. त्यावर फळं सुटी सुटी, थर दोनच. ८-१० दिवस लागतात. रोज वास घ्यायचा, ठिपका पडलेला बाजूला काढायचा. दाबायचं मात्र नाही. दाबलेल्या अंगठ्याची खूण दोन दिवसांनी सालीवर उमटते आणि चोर घरातच सापडतो.

काही उतावळे कच्चा आंबा फ्रिजमध्ये टाकतात. १३ अंशांच्या खाली तो पिकायचंच विसरतो, साल करडी पडते. कार्बाइडवाला बाहेरून पिवळाधमक, आत आंबटढाण. त्याला कायद्याने बंदी आहे, जिभेने तर कधीच घातली होती. आणि साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघणं! २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आता पेटीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की बाग कळते. साका सुरी लावल्यावरच कळतो.

एवढं सांभाळूनही आंबे आपल्या सवडीने पिकत नाहीत. एक पिकला की त्याच्यातून सुटणारं इथिलीन शेजाऱ्याला पिकवतं. मंगळवारपर्यंत एक नाही, गुरुवारी चाळीस. मग रसाचे डबे लिफ्टने वरखाली करू लागतात. शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत सोसायटीत अजून टिकून आहे. त्यामुळे संध्याकाळी आमचा डबा परत येतो तो काठोकाठ भरून. त्यांची आढीही गुरुवारीच पिकलेली असते.