दुधाचा चहा विष, ग्रीन टी अमृत? एका फिरत्या निरोपाला उत्तर

व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : काळा चहा म्हणजे रसायन, ग्रीन टी म्हणजे औषधी वनस्पती, दूध घातलं की चहाचे सगळे गुण मरतात, ग्रीन टीने पोटाची चरबी वितळते, जास्वंदीच्या चहाने रक्तदाबाची गोळी सुटते, आणि रोज चहा करायला वेळ नसेल तर ग्रीन टीच्या कॅप्सूल घ्या. यात दुधाचा मुद्दा अर्धवट खरा आहे. शेवटचे दोन मात्र धोक्याचे आहेत.

‘काळा चहा रसायन, हिरवा औषधी.’ दोन्ही एकाच झुडपाची पानं, कॅमेलिया सायनेन्सिसची. पान खुडल्यावर लगेच वाफेवर किंवा कढईत तापवलं की त्यातलं विकर (एन्झाइम) बंद पडतं, पान हिरवं राहतं आणि कॅटेचिन ही चहाच्या पानातली तुरट द्रव्यं टिकतात. तेच पान चुरडून हवेवर ठेवलं की कॅटेचिनपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. काळ्या चहाचा रंग आणि तुरटपणा त्यांचा. आपल्याकडची दाणेदार चहापूड दातेरी रुळांमध्ये पान चिरडून होते, त्यासाठी वेगळं रसायन लागत नाही. ब्रिटनमधल्या सुमारे 5 लाख लोकांच्या नोंदींवरचा मोठा अभ्यास 2022 मध्ये आला. त्यात रोज 2 किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांत, आणि हे लोक बहुतेक काळा चहाच पिणारे होते, मृत्यूचा धोका 9 ते 13 टक्के कमी दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे चहानेच आयुष्य वाढतं असं म्हणता येत नाही. पण ‘विष’ या शब्दाला त्यातून काडीचाही आधार मिळत नाही.

‘दूध घातलं की गुण संपले.’ बर्लिनमध्ये 2007 साली 16 स्त्रियांवर प्रयोग झाला. काळ्या चहाने रक्तवाहिन्या जास्त सैलावल्या, दूध घातल्यावर तो परिणाम दिसला नाही. निरोपाचा आधार हाच असावा. मात्र 1998 मधल्या एका प्रयोगात दूध घालूनही कॅटेचिन रक्तात तेवढेच पोचले होते, आणि वरच्या ब्रिटिश अभ्यासातही दुधाने फरक पडला नाही. इतक्या छोट्या प्रयोगावरून दूध सोडायची गरज नाही. हिशोब साखरेचा करा. कपाला 2 चमचे, दिवसाला 4 कप, म्हणजे सुमारे 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि त्यात बिस्किटं, सरबतंही आली.

ज्या गोष्टीने खरंच नुकसान होतं ती या निरोपात नाहीच : चहा आणि लोह. चहातली पॉलिफेनॉल (कॅटेचिन, थिआफ्लेविन वगैरे) भाज्या-धान्यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते नीट शोषलं जात नाही. हे ग्रीन टीही करतो, दुधाचा चहाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा वेळी पोह्यांवर लिंबू पिळायचं (क जीवनसत्त्वाने लोह नीट शोषलं जातं) आणि लगोलग चहा प्यायचा, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2024 चा सल्ला सोपा आहे : जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको. लोहाची गोळी तर चहासोबत कधीच घेऊ नये. गरोदर बायकांनी हे कटाक्षाने पाळावं.

‘चरबी वितळते.’ ग्रीन टी आणि वजन यांवरच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था) 2012 मध्ये काढला. घट इतकी किरकोळ की उपचार म्हणून तिला अर्थ नाही. आवडत असेल तर ग्रीन टी जरूर प्या, पण उकळू नका. उकळत्या पाण्यात तुरट-कडू घटक भराभर उतरतात आणि मग लोक मध ओततात. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी साधं पाणी एकत्र केलं की ते साधारण 80 अंशांवर येतं. कपभर पाण्याला 2 ग्रॅम पानं, 2 ते 3 मिनिटं, मग गाळा. कोणताही चहा 65 अंशांपेक्षा गरम पिऊ नये; इतक्या कढत पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं आहे.

‘जास्वंदीने गोळी सुटते.’ ज्या चाचण्यांचा हवाला दिला जातो त्या लाल अंबाडीच्या बोंडांच्या आहेत, देवाला वाहतो त्या जास्वंदीच्या नव्हेत. 65 जणांच्या एका चाचणीत रोज 3 कप, 6 आठवडे घेऊन वरचा रक्तदाब सरासरी 7 अंकांनी उतरला. गोळी बंद करण्याइतकं हे नाही. उलट काढ्यात रोज ज्येष्ठमध घालत असाल तर रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम उतरतं.

‘कॅप्सूल घ्या.’ नका घेऊ. कपातला चहा आणि अर्क यांत मात्रेचा मोठा फरक आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये पाहिलं की अर्कातून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य कॅटेचिन) घेणाऱ्यांत यकृताची विकरं वाढतात. रिकाम्या पोटी घेतल्यास धोका आणखी वाढतो. कोणी आधीच घेत असेल आणि लघवी गडद, डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली असं दिसलं, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि बाटली सोबत न्यावी.