१० के समजून लावला, निघाला १२०

रेझिस्टर, म्हणजे वीजप्रवाह अडवणारा छोटा पार्ट, त्याची व्हॅल्यू अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचायची. तपकिरी-काळी-काळी-लाल-तपकिरी. आता हेच दुसऱ्या टोकाकडून वाचा. तपकिरी-लाल-काळी-काळी-तपकिरी. इकडून १० के, म्हणजे दहा हजार ओहम, तिकडून १२० ओहम, दोन्हीकडून एक टक्का टॉलरन्स, म्हणजे व्हॅल्यू तेवढी इकडेतिकडे चालते, आणि दोन्ही व्हॅल्यू दुकानात सर्रास मिळतात! कुठल्या शहाण्याने काढलं हे?

इंदिरानगरात आमच्याकडे सकाळी पाणी आलं की टाकी भरून वाहते आणि खालच्या काकू गॅलरीत येऊन अख्ख्या बिल्डिंगला ऐकवतात, म्हणून म्हटलं पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि बझर, अर्ध्या तासाचं काम. ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याच्या कंट्रोलच्या पायाला, फक्त १० के लावायचा होता. घरातल्या पुडीत सगळे मिक्स, निळ्या अंगाचे, आणि त्या निळ्यावर लाल, नारिंगी, तपकिरी सगळं काताच्या डागासारखं दिसतं. कॉलेजात सांगायचे टॉलरन्सची पट्टी जरा लांब असते. कुठे लांब? मोबाइलवर झूम करून बघितलं, पाचही पट्ट्या चिकटून बसल्यात. जुने चार पट्ट्यांचे बरे होते, सोनेरी दिसली की ती शेवटची, पाच टक्के, विषय संपला.

आणि रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा क्रम लक्षात ठेवायचं ते 'बीबी रॉय ग्रेट ब्रिटन व्हेरी गुड वाइफ' मला सांगू नका, झोपेत म्हणून दाखवतो. त्यात तीन बी आणि दोन जी, ते कुठले ते परत वेगळं पाठ करा. आणि सुरुवातच चुकीच्या टोकाने केली तर रॉय काय करणार बिचारा. बोर्डावर सपाट बसणाऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या एसएमडी रेझिस्टरवर १०३ छापता येतं, दहावर तीन शून्यं, झाला १० के. मग ह्या एवढ्या मोठ्या दांडग्यावर रांगोळी कशाला?

लावला. १२ व्होल्ट दिले, फ्लोट हाताने उचलला, बझर वाजला, मी खूश, आणि मग वास. पाव वॅटच्या रेझिस्टरवर वॅटभर लोड, काळा ठिक्कर पडला, पट्ट्याच गायब. आता कोणता होता तेही वाचता येईना!

आधी मल्टीमीटरने मोजायचं ना, असं म्हणणाऱ्यांनो, त्याची नऊ व्होल्टची बॅटरी पोराने गाडीच्या रिमोटमध्ये घातली होती. ती काढून आणून पुडीतला तसाच दुसरा मोजला. ११९.६. एक टक्क्यात चोख बसतो, माल एकदम ओरिजिनल.

काकू परत ओरडतायत, टाकी भरली वाटतं.