सात थरांचं ग्रीटिंग

"त्यात काय, घरीच करू की!" हे वाक्य आपल्याकडे चकली, आकाशकंदील आणि ग्रीटिंग या तिन्हींच्या बाबतीत सारख्याच उत्साहाने उच्चारलं जातं. चकली मोडली तर चिवड्यात ढकलता येते. कंदील वाकडा झाला तरी तो गॅलरीत उंच टांगलेला असतो, वाऱ्याने कलला असेल असं बघणारा समजून घेतो. ग्रीटिंग मात्र समोरचा माणूस नाकापासून वीतभर अंतरावर धरतो आणि तिरकं करून बघतो. थरांचं असेल तर जास्तच तिरकं करतो, कारण आत काय काय रचलंय ते बाजूनेच दिसतं. आणि फेविकॉलही नेमका तिथूनच दिसतो.

थरांचं ग्रीटिंग म्हणजे एकाच चित्राच्या पाच प्रती काढायच्या आणि डोळ्याला जे जवळचं ते उचलून वर आणायचं. दिवाळीचं चित्र घ्या. मागे भिंत, तिच्यापुढे तुळशीवृंदावन, त्यातली तुळस, पायथ्याशी पणती आणि पणतीची ज्योत. पहिली प्रत अख्खी ठेवायची. दुसरीतली भिंत कापून टाकायची आणि वृंदावनापासून पुढचं सगळं ठेवायचं. तिसरीत फक्त तुळस आणि पणती उरते, चौथीत पणती, पाचवीत नुसती ज्योत. मध्ये फोम टेपचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या स्पंजासारख्या जाड पट्टीचे तुकडे. खाली कार्ड, त्यावर रंगीत चौकट आणि या पाच प्रती, असे झाले सात थर. गणित दहीहंडीचंच आहे. खालचा गडी अर्धा मिलिमीटर सरकला की सगळ्यात वरचा बाळगोपाळ, म्हणजे आपली ज्योत, पणती सोडून हवेत लोंबकळते.

पहिली परीक्षा दुकानात. "जाड कागद द्या" म्हटलं की काउंटरपलीकडून प्रश्न येतो, "किती जीएसएम?" एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम, हे माहीत नसलं की माणूस "मध्यम" असं उत्तर देतो आणि मिळेल ते घेऊन घरी येतो. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८०चा असतो. कार्डाला २५० ते ३०० हवा, नाहीतर सात थरांच्या ओझ्याने ते उभंच राहत नाही, टीव्हीशेजारी ठेवलं की दंडवत घालतं. चौकटीला २२० पुरे. चित्राच्या प्रतींना १२० ते १६०. याहून पातळ असेल तर फोमच्या दोन तुकड्यांमध्ये झोळ पडतो, जाड असेल तर तुळशीची पानं कापताना कात्री रुसते आणि कडेने कागदाचं पांढरं पोट दिसतं.

काटकसरी घरांत इथे जुन्या लग्नपत्रिका बाहेर निघतात. कल्पना वाईट नाही, जाडी उत्तम असते. पण गुळगुळीत मुलामा दिलेल्या पत्रिकेवर फेविकॉल धरत नाही. पाणी आत शिरायला वाटच नसते, म्हणून चिकटवलेली चौकट दोन दिवसांनी आपली आपण सुटते. आणि दिवाळीच्या शुभेच्छांमागून "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" डोकावायला लागतं.

कागदाला दिशा असते, ही गोष्ट शाळेत कोणी शिकवत नाही. कारखान्यात कागद पट्ट्यावरून धावत तयार होतो, त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेला समांतर बसतात. त्या दिशेशी समांतर घडी घातली तर कागद मुकाट्याने दुमडतो, आडवी घातली तर घडीवर भेगा पडतात. ओळखायचं कसं? कागद हलकेच वाकवून बघायचा, एकदा उभा आणि एकदा आडवा. ज्या बाजूने कमी कुरकुर करेल, घडी त्या बाजूने. ए-फोर कागदात ही दिशा बहुतेक वेळा लांबीच्या बाजूने असते. म्हणून असा कागद मधोमध दुमडून मोठं कार्ड केलं की घडी नेमकी तंतूंच्या आड येते आणि उसवते. तोच कागद आधी कापून दोन ए-फाइव्ह केले आणि त्यातला एक दुमडला, तर घडी तंतूंच्या बाजूने बसते आणि १०५ बाय १४८ मिलिमीटरचं शहाणं कार्ड होतं. ज्यांना ही कटकट नको, त्यांनी हातकागद घ्यावा. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची आहे. लगद्यातून जाळीच्या चौकटीने हाताने उचललेल्या या कागदात तंतू कसेही पसरलेले असतात, त्यामुळे तो कुठूनही दुमडा. त्यावर स्केचपेनने लिहू मात्र नका. अक्षरांना मिशा फुटतात.

घडी घालण्याआधी रेघ दाबून घ्यायची. छपाईवाले याला क्रीजिंग म्हणतात. घरात यासाठी संपलेलं बॉलपेन सर्वोत्तम, आणि ते कुठल्याही मराठी घरात शोधावं लागत नाही. चालू पेन सापडायलाच वेळ लागतो. पट्टी लावून रेघ दाबली की एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. उंचवटा घडीच्या आत जायला हवा आणि खाच बाहेर. दहातले नऊ जण उलटं करतात, कारण खाचेत घडी घालावी असंच कोणालाही वाटतं. मग कार्ड अर्धवट उघडं राहतं, जांभई देताना थांबल्यासारखं.

आता कापणं. प्लॅस्टिकची पट्टी कंपासपेटीतच राहू द्या. कटर तिचीही साल काढतो आणि पुढची प्रत्येक रेघ त्या टवक्यापाशी वळण घेते. पट्टी स्टीलची हवी, आणि कार्डाच्या कामाच्या भागावर ठेवलेली, म्हणजे कटर घसरला तर टाकाऊ बाजूलाच घसरेल. एका दमात कापायचं नाही. तीन हलके हात मारायचे. जोर लावला की पातं कागद कापण्याऐवजी ढकलतं आणि कड केसाळ होते. पात्याचं टोक बोथट झालं की मोडून टाकायचं, यात कंजूषी नको. खाली कटिंग मॅट नसेल तर जाड पुठ्ठा, पण दरवेळी त्याची नवी जागा. जुन्या खाचेत पातं शिरलं की ते रेल्वेसारखं रुळावरूनच जातं. पोळपाट वापरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पुढचे सहा महिने पोळ्यांवर उमटणाऱ्या रेघाच त्यांच्याशी बोलतील.

पण खरी जिरवते ती चौकट, आणि तीही तिसरीच्या गणितात. कार्ड १०५ बाय १४८. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर कार्ड दिसावं अशी चौकट किती मापाची? "१०२ बाय १४५!" असं भलेभले इंजिनियर सांगतात. चूक. बाजू दोन, म्हणून प्रत्येक मापातून ६ वजा करायचे. चौकट ९९ बाय १४२ आणि तिच्यावरचं पहिलं चित्र ९३ बाय १३६. तीनच वजा केले तर कड दीड मिलिमीटरची राहते, आणि दीडमध्ये अर्धा मिलिमीटर चुकला की एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. नजर फसत नाही. तीनमध्ये अर्धा चुकला तर पोटात घेतला जातो. हे वाचूनही कोणी १०२ कापणारच, म्हणून चौकटीचा कागद एक जास्तीचा आणावा.

गोंदाबद्दल बोलायचं तर फेविकॉल हा सज्जन माणूस आहे, पण पाण्यातला. त्यातलं पाणी कागदाच्या तंतूंत शिरतं, तंतू फुगतात, कागद आधी एकीकडे वळतो आणि सुकताना दुसरीकडे. दोन्हीकडून वळून झाला की पापड तयार. मोठ्या सपाट भागाला तो लावूच नये. तिथे कडेने दुहेरी टेप. लावायचाच असेल तर बोटभर नाही, जुन्या एटीएम कार्डाने ओढून अगदी पातळ, वर बटर पेपर आणि त्यावर रात्रभर दिवाळी अंकांचा गठ्ठा. वजनदार साहित्याचा एवढा सरळ उपयोग दुसरा नाही. फेविक्विकचं नाव काढू नये. तो कागदात झिरपून डाग पाडतो आणि बोटाला चित्र चिकटवतो, चित्राला चित्र नाही.

फोम टेप त्याच्या उलट. पाणी नाही, पण क्षमाही नाही. एकदा टेकली की टेकली, सरकवायला गेलं तर कागदाचा पापुद्रा घेऊनच निघते. यावर उपाय म्हणजे टेपच्या चिकट अंगावर फेविकॉलचा मोहरीएवढा ठिपका. तो ओला असेपर्यंत दहा-पंधरा सेकंद चित्र हलवता येतं, मग टेप आपला हक्क सांगते. एक मिलिमीटर जाडीची टेप घ्यावी, आणि ती कडेपासून दोन मिलिमीटर आत. बाहेर डोकावली तर थर दिसण्याऐवजी सँडविच दिसतं. उघड्या पडलेल्या चिकट कडेवर बोटाने पावडर फिरवावी, नाहीतर घरातला प्रत्येक केस तिथे वस्तीला येतो. टेप कापून कात्री चिकट झाली की फडक्यावर दोन थेंब खोबरेल.

फोमच्या आधीही लोक थर उचलतच होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या एस्थर हाउलंड या बाईंनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस लेस पेपरची व्हॅलेंटाइन कार्डं करायला घेतली. भाऊ नमुने घेऊन फिरतीवर गेला. दोनशे डॉलरच्या ऑर्डरींची आशा होती, पाच हजारांच्या घेऊन परतला असं सांगतात. मग बाईंनी घरीच मैत्रिणींना ओळीने बसवलं, एकीने कापायचं, दुसरीने चिकटवायचं. आपल्याकडे पापड लाटायला बसतात, तस्सं. त्यांच्या कार्डांत वरचा थर उचलायला कागदाच्या नागमोडी घड्यांच्या स्प्रिंगा असत. आजही फोम संपला तर सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी पंख्यासारखी चार वेळा दुमडून ती करता येते. दाबली तरी परत वर येते, हा फोमपेक्षा जादा गुण.

आता चित्र कापणं. इथे वेळ जातो आणि इथेच मजा आहे. नखं कापायची वाकड्या टोकाची कात्री घ्यावी, ती स्थिर धरावी आणि कागद फिरवावा. कात्री फिरवणाऱ्याची तुळस कुरतडलेली दिसते. आतल्या खिडक्या आधी कापायच्या आणि बाहेरची कड शेवटी, म्हणजे धरायला कागद उरतो. कापून झालं की कडेची पांढरी रेघ त्याच रंगाच्या पेन्सिलने मारून टाकायची. या एका गोष्टीने घरगुती कार्ड आणि देखणं कार्ड यांतला निम्मा फरक मिटतो, तरी ती कोणी करत नाही. मग तळहातावर पान उपडं ठेवून चमच्याच्या पाठीने हलकेच घोटायचं. पान वाटीसारखं वळतं आणि जिवंत होतं. अति घोटलं की पालक होतो.

प्रिंट लेझरची असावी. इंकजेटची शाई ओलाव्याने फुटते, आणि दिवाळीची कार्डं करायचा मुहूर्त म्हणजे ऑक्टोबर हीट. पंखा लावावा तर तांदळाच्या दाण्याएवढी ज्योत उडून सोफ्याखाली जाते, बंद ठेवावा तर कपाळावरचा थेंब थेट वृंदावनावर. ज्योतीच्या चार प्रती जादा कापून वाटीखाली झाकून ठेवाव्यात. उचलताना चिमटा, आणि चिमटा धरलेला असताना शिंक नाही.

एवढं झाल्यावर आठवतं की आत लिहायचं राहिलं. आता कार्ड सपाट पडत नाही, पेन तुळशीवरून धक्के खात जातं आणि घाईत "शुभेच्छा"तला च गळून पडतो. म्हणून मजकूर आधीच वेगळ्या १०० जीएसएम कागदावर लिहावा, कार्डापेक्षा सगळीकडून ३ मिलिमीटर लहान, आणि फक्त घडीजवळ एका बारीक रेघेने चिकटवावा. पूर्ण चिकटवला तर पुन्हा तोच पापड.

पाठवायचं असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. उलगडल्यावर ए-फाइव्ह आकाराचं ३०० जीएसएम कार्ड सव्वानऊ ग्रॅमचं, चौकट तीन, पहिलं चित्र दोन, बाकीचे थर मिळून दोन, आतला कागद जवळजवळ तीन, पाकीट चार. फोम धरून चोवीसच्या घरात. टपालात साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे एका ज्योतीपायी तिकीट वाढतं. शिवाय तिकिटावर पडतो ठप्पा, तोही मनापासून. तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात, म्हणून सगळ्यात उंच थर त्या कोपऱ्याखाली येणार नाही असं कार्ड पाकिटात घालावं. ६-७ मिलिमीटरचं कार्ड साध्या पाकिटात कोंबलं तर कडा फाटतात, पाकिटालाच बाजूने ७-८ मिलिमीटरची भिंत दुमडून ठेवावी लागते.

इतकं सांभाळून ते आत्याकडे पोचतं. आत्याला मनापासून आवडतं. "बाई गं, विकतचं वाटतं अगदी!" म्हणते, आणि खराब होऊ नये म्हणून लगेच टेबलाच्या काचेखाली ठेवते. काच एका कोपऱ्याला उचलली जाते आणि चहाचा कप ठेवला की डुगडुगते. मग उरलेल्या तीन कोपऱ्यांखाली दुकानातून आलेली ग्रीटिंगं चार-चार घड्या घालून सरकवली जातात.