शेळीच्या पाण्यात युरिया टाकू नका

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या शेळीपालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पेंड परवडत नसेल तर पाण्याच्या बादलीत मूठभर युरिया टाका, शेळीला प्रोटीन मिळतं.' हे चुकीचं आहे आणि शेळीच्या जिवावर बेतणारं आहे.

युरियात प्रोटीन नसतं, 46 टक्के नत्र असतं. शेळीच्या पोटातले जिवाणू त्यापासून प्रथिनं बनवतात हे खरं, पण हळूहळू, आणि सोबत मक्याच्या भरड्यासारखं ताकद देणारं खाद्य असेल तरच. रानातून हिंडून आलेली तहानलेली, अर्धपोटी शेळी बादली एका दमात संपवते. मग अमोनिया रक्तात चढतो. तोंडाला फेस, थरथर, पोटफुगी, आणि बघता बघता शेळी आडवी. असं दिसलं तर वेळ न घालवता 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा.

युरिया-प्रक्रियेचा कडबा ही वेगळी गोष्ट आहे. तिथे 100 किलो कडब्याला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात, तीन आठवडे हवाबंद ठेवतात, उघडल्यावर वास उडू देऊन मगच थोडाथोडा घालतात. तोही करडांना नाही.

पेंड थोडीच असेल तर गाभण आणि दुभत्या शेळ्यांना आधी द्या. बुरशी आलेली मात्र नको. बांधावर शेवरी लावा, बाभळीच्या शेंगा गोळा करून ठेवा. खरं प्रोटीन तिथे आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.